वीट

गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात मी समानार्थी शब्द शिकवीत होतो. फळ्यावर 'वाट पाहणे' असे लिहिले आणि मुलांकडून शब्द मागितले. एकाने 'प्रतीक्षा करणे' हा शब्द दिला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'ताटकळणे'. मी तोही लिहून टाकला. तेवढ्यात तिच्या पुढच्या बाकावरच्या पोराने हात वर केला.

"सर, हे दोन्ही एकच असते काय जी? माझी माय सांजच्याले बाबाची वाट पाहते, तवा ती ताटकळत नाही. फाट्यावर एसटीसाठी मात्र आमी ताटकळतो."

खडू हातात तसाच राहिला. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पोराचे म्हणणे बरोबर आहे एवढे मला कळत होते. का बरोबर आहे ते सांगता येत नव्हते. आणि हा प्रश्न नेमका मलाच विचारला जावा याची मला गंमतही वाटली, कारण त्या दिवशी मला एका शस्त्रक्रियेच्या तारखेकडे डोळे लावून बसल्याला दीड वर्ष उलटून गेले होते.

रोहणा हे आमचे आर्वी तालुक्यातले गाव. कापूस, तूर, सोयाबीन पिकविणाऱ्या गावाला वाट पाहायला शिकवावे लागत नाही. आधी मृगाची वाट पाहायची, मग उघाडीची, मग कापसाच्या भावाची. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी आगगाडी १९१७ साली सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती इतकी निवांत धावे, की तिची वाट पाहणे हाच एक उद्योग होता असे म्हातारी माणसे सांगतात. पुढे ती बंद पडली. अशा गावचा मी माणूस. मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही, खाजगी शाळेत लहान वर्गांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतल्या पात्रांना मी पाचपाच प्रकरणे वाट पाहायला लावली आहेत. त्याचे प्रायश्चित्त असे मिळेल हे मात्र ध्यानीमनी नव्हते.

दिवाळी अंक घरातली लहानथोर सगळी माणसे वाचतात, हे मी विसरलेलो नाही. म्हणून दुखण्याचे नाव एकदाच, पण स्वच्छ सांगतो. कारण या लेखातला अर्धा प्रश्न त्या नावाचाच आहे. २०१४ साली मोटारसायकलवरून पडून माझ्या कटिभागाचे हाड मोडले आणि त्याबरोबर मूत्रनलिकाही तुटली. अशा दुखापतीत जवळच्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावल्या, तर पुरुषाची पत्नीशी एकरूप होण्याची शक्ती जाऊ शकते. माझी गेली. औषधांचा उपयोग झाला नाही, तेव्हा २०१६ साली एका मोठ्या शहरात माझ्या शिश्नात कृत्रिम साधन बसविण्यात आले. डॉक्टरमंडळी त्याला इम्प्लांट म्हणतात.

त्याची रचना एखाद्या शेतकऱ्याला चटकन समजेल अशी आहे. दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात मीठपाण्याची एक लहानशी टाकी आणि खाली अंडकोशात एक पंप. पंप दाबला की टाकीतले पाणी नळ्यांत चढते. काम झाले की परत टाकीत उतरते. १९७३ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे ब्रँटली स्कॉट नावाच्या शल्यचिकित्सकाने आपल्या सहकाऱ्यांसह ही युक्ती जगापुढे मांडली. पंप नसलेला, नुसत्या वाकविता येणाऱ्या कांड्यांचा एक साधा प्रकारही असतो. आपल्या मुंबईचे डॉक्टर रूपिन शाह यांनी सामान्य माणसाला परवडेल असे देशी बनावटीचे साधन त्याच धर्तीवर तयार केले आहे. मधुमेह झालेले, माझ्यासारखे अपघातात सापडलेले, कर्करोगासाठी पुरःस्थ ग्रंथी काढावी लागलेले असे कितीतरी पुरुष या साधनांच्या आधारे संसार करीत आहेत. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्या आजारातही तरुण मुलांवर कधी कधी हा प्रसंग ओढवतो. पण शेजारच्या घरात असा माणूस आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, आणि त्यालाही तुम्ही ठाऊक नसता.

पंप म्हटला की तो केव्हातरी बिघडणार. बहुतेक साधने दहा वर्षे टिकतात. माझे सातव्या वर्षीच थकले. कुठेतरी सूक्ष्म चीर गेली आणि पाणी झिरपून गेले. ते नुसते मीठपाणी असते, शरीरात जिरून जाते, त्यापासून अपाय नाही, असे डॉक्टरांनी समजावले. ताप आला, सूज आली, तो भाग लाल झाला, तर मात्र एक दिवसही थांबायचे नाही हेही बजावले. तसे काही झाले नाही. म्हणजे माझे दुखणे थांबण्यासारखे होते, आणि तेच त्याचे दुर्दैव ठरले.

पहिली तारीख मिळाली ती पुढे गेली, कारण लागणारे साधन आले नव्हते. दुसरी गेली, कारण शस्त्रक्रियेची खोली दुरुस्तीला काढली होती. तिसऱ्या खेपेला मी उपाशीपोटी, हिरवा अंगरखा घालून खाटेवर बसलो होतो. तेवढ्यात रस्त्यावरच्या अपघातातला एक पोरगा आला आणि माझी खोली त्याला द्यावी लागली. एकही कारण खोटे नव्हते. खोट्या कारणावर निदान रागावता तरी येते.

रांगेतल्या बाकावर बसले की शेजारी विचारतो, "काय झालं जी भाऊ?" आपल्याकडे हा प्रश्न चौकशीचा नसतो, मायेचा असतो, त्यामुळे तो टाळता येत नाही. पहिल्याच दिवशी यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याने तो विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "मुतखडा."

लबाडीला एकदा घरात घेतले की तिला रोज जेवू घालावे लागते. त्या सज्जन माणसाने मला कुळथाच्या पाण्याचा पाठ दिला. घरी तेच कारण सांगितले होते, म्हणून माझ्या सत्तर वर्षांच्या आईनेही कुळीथच सुरू केले. रात्री भिजत घालायचे, पहाटे उठून उकळायचे, गाळून तांब्यात भरून माझ्यापुढे ठेवायचे. मी डोळे मिटून प्यायचा. गावातली माणसे म्हणत, "मास्तर, मुतखडा तर एका दिवसात काढून टाकतात, तुमचाच काऊन राहिला?" आजार खोटा सांगितल्यामुळे सहानुभूतीही खोट्याच आजाराला मिळे, खऱ्याच्या वाट्याला काही येत नसे.

लाज ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला नवी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. तेव्हा कुष्ठरोगी माणसाला जखमेपेक्षा त्या रोगाच्या नावाने अधिक छळले होते. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्रींना झोपडी मिळाली आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा करीत. ते हात औषध म्हणून किती उपयोगी पडले असतील ते वैद्य सांगोत. पण ते उघड्यावर चालले, चारचौघांनी पाहिले, हा त्यातला मोठा गुण होता. आणि शरीराच्या ज्या भागाविषयी मी लिहीत आहे, त्याविषयी मराठीत शास्त्रीय भाषेत बोलावे म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, खटला हरले. त्याला नव्वद वर्षे होऊन गेली, आणि मी, एक लिहिणारा माणूस, दवाखान्याच्या बाकावर 'मुतखडा' म्हणत होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तो अपघातातला पोरगा माझ्या आधी गेला, तेव्हा माझ्या मनात क्षणभर राग उसळला. कोणावर? रक्ताने माखलेल्या पोरावर! लगेच स्वतःची इतकी शरम वाटली, की मी परिचारिकेला न विचारताच कपडे बदलून बाहेर आलो. परतीच्या गाडीत विचार करू लागलो : जीव वाचविणारे काम आधी, बाकीची मागाहून, हा नियम मला मान्य आहे ना? पूर्णपणे मान्य आहे. त्या पोराच्या जागी माझा मुलगा असता तर मी रांगेतल्या कोणालाही ढकलले असते. मग मला नेमके काय टोचले?

टोचले ते कारकुनाचे एक वाक्य. तो समजूत घालण्याच्या सुरात म्हणाला होता, "तुमचं काही अडत नाही ना, सर."

जीव अडत नाही, म्हणजे काहीच अडत नाही, हा हिशेब कुठून आला? चष्म्यावाचून माणूस मरत नाही. कवळीवाचून मरत नाही. दुभंगलेल्या ओठाची मुलगी म्हातारी होईपर्यंत जगू शकते. गुडघा गेलेली आजी जागेवर बसून वीस वर्षे काढील. ज्याच्यावाचून मरण येते तेवढेच आवश्यक असे ठरविले, तर ही दिवाळीसुद्धा उद्या बंद करावी लागेल. कारण पणत्या आणि चकल्या यांच्यावाचून आजवर एकही माणूस दगावलेला नाही. माझे काम मागे ठेवा, ते न्यायाचे आहे. ते मोडीत काढू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. मागे ठेवणे आणि मोडीत काढणे यांत फार थोडे अंतर आहे, आणि तीनदा मागे ठेवलेला माणूस ते अंतर स्वतःच ओलांडतो. आपले दुखणे खरोखरच फालतू आहे असे त्याला वाटू लागते.

येथे एखादे वडीलधारे वाचक चष्म्यावरून माझ्याकडे पाहतील, हे मी जाणतो. "मास्तर, पंचेचाळिशी आली, मुले मोठी झाली, आता कशाला हा खटाटोप? सेवाग्राम तुमच्या जिल्ह्यात. ब्रह्मचर्याचा आदर्श दाराशी असताना ही रडकथा!" हा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर पुष्कळदा घेतला आहे. गांधीजींनी १९०६ साली ते व्रत घेतले. त्यांनी ते घेतले, कोणी त्यांच्यावर लादले नाही. आपल्या भाषेत उपास आणि उपासमार असे दोन शब्द आहेत. दोहोंत पोट रिकामेच असते. पण एकादशीला उपास करणाऱ्याच्या घरात धान्य असते आणि त्याने ते बाजूला सारलेले असते. ज्याच्या घरात दाणाच नाही त्याला "काय छान व्रत करता हो!" असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. वैराग्य यायचे तेव्हा येवो. अपघाताने पदरात टाकलेल्या उणिवेला मी वैराग्य म्हणून मिरवू लागलो, तर ती मुतखड्याहून मोठी लबाडी ठरेल. शिवाय हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. संसारात दोघे असतात, आणि दुसरीला कोणी तारीख दिलेली नसते.

थांबणे न्याय्य असले, तर थांबणाऱ्याचे काहीच देणे नसते काय? मूत्रपिंडाचे रोपण हवे असलेल्या रोग्यांची गोष्ट पाहा. १९९४ साली आपल्या देशात अवयवरोपणाचा कायदा झाला. आता मरणोत्तर दान मिळालेल्या अवयवांची यादी आपल्या राज्यात विभागवार केंद्रे ठेवतात. आमच्या नागपूरलाही असे केंद्र आहे. डायलिसिसवर किती काळ काढला त्याचेही गुण धरतात. तिथली प्रतीक्षा माझ्याहून कितीतरी भयंकर आहे, कारण तिथे मृत्यू शेजारी येऊन बसलेला असतो. तरी त्या माणसाला आपण यादीत आहोत, आणि थांबलेले दिवस कोणीतरी मोजीत आहे, हे ठाऊक असते. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवेने अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे लेखी वचन दिले आहे. शंभरातल्या ब्याण्णव रोग्यांपुरते ठरविलेले ते माप २०१६ पासून गाठले गेलेले नाही. पण वचन कागदावर असल्यामुळे ते मोडले असे म्हणता तरी येते. मला कोणी वचनच दिले नव्हते. मग मोडले काय म्हणून सांगू?

आमच्यापासून जवळच, वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे. ते रुक्मिणीचे माहेर. दर वर्षी तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. या खेपेला पालखीच्या दिवसांत मला पुंडलिकाची कथा पुन्हा आठवली, आणि लहानपणापासून ऐकलेल्या त्या कथेत एक नवीनच गोष्ट दिसली. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दाराशी आला. पुंडलिकाने हातातले काम सोडले नाही, देवाला थांबविले. त्या अपघातातल्या पोराकडे धावलेल्या डॉक्टरांनीही दुसरे काय केले? जे काम आधीचे ते आधी. परंतु पुंडलिकाने आणखी एक गोष्ट केली. जवळ पडलेली वीट देवाकडे सरकवली. "मी तुला पाहिले आहे, तू आला आहेस हे मला कळले आहे, माझे काम संपेपर्यंत यावर उभा राहा," एवढे त्या विटेने सांगितले. आणि देव अठ्ठावीस युगे उभा राहिला. ती वीट मिळाली नसती, तर तो आल्या पावली परत गेला असता किंवा चिखलात ताटकळत राहिला असता.

वर्गातल्या त्या पोराला द्यायचे उत्तर मला इथे सापडले. त्याची माय वाट पाहते, कारण बाबा येणार आहे हे तिला माहीत आहे आणि तिच्या पायाखाली घराचा उंबरठा आहे. फाट्यावर एसटी येणार की नाही हे सांगणारे कोणी नसते. तिथे माणूस ताटकळतो. वेळ दोन्हीकडे तितकाच जातो. एकीकडे वीट आहे, दुसरीकडे नाही. वीट मिळाली नाही म्हणजे माणसाला मग दुसऱ्या अर्थाने वीट येतो.

अशी वीट मला एकदा मिळाली, आणि तीही मोठ्या अधिकाऱ्याकडून मिळाली नाही. चौथ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या एका परिचारिकेचा फोन आला. "सर, उद्या येऊ नका, गाडीभाडं वाया जाईल. तुमच्या मापाचं साधन अजून आलं नाही. आल्यावर तुमच्या आधी दोघे आहेत, तुम्ही तिसरे. मी स्वतः कळवीन." एवढेच. तारीख तर पुढेच गेली होती; परंतु त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. तिसरा क्रमांक! मी तो वहीत लिहून ठेवला.

सकाळी उठलो तो मनात एक अवघड विचार घेऊनच. दुसऱ्याने आपल्याला वीट दिली नाही म्हणून मी दीड वर्ष कुरकुरत होतो; मी कोणाला दिली होती? माझी पत्नी माझ्याइतकीच थांबली होती. तारखा मी मनात ठेवत होतो, पुढे गेल्या की तोंड पाडून बसत होतो. तिच्याजवळ बसायचेसुद्धा मी सोडले होते. जे पूर्ण देता येत नाही ते थोडेही कशाला द्यावे, असा माझा मानी हिशेब होता. एकदा तिने शांतपणे विचारले होते, "तुमी नागपूरले गेले की आत्याबाई मले विचारतात, खडा केवढा हाय? मी किती खोटं बोलू, तेवढं तरी ठरवून द्या." त्या वेळी मी चिडलो होतो. माझी लाज मी तिच्या डोक्यावर ठेवली होती आणि तिने ती मुकाट्याने दीड वर्ष वाहिली होती.

त्या दिवशी मी तिला वही दाखवली. माझ्या पुढे दोघे आहेत हे सांगितले, नवे साधन बसले तरी तेही केव्हातरी थकणार हेही सांगितले, आणि या दीड वर्षात मी तिच्यापासून जे दूर राहिलो त्याला दुखणे जबाबदार नसून माझा ताठा जबाबदार आहे, हेही कसेबसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे आधी सांगतले असते तं मी बी मोजत बसले असते." त्या दिवसापासून आम्ही दोघे मिळून मोजतो. एकट्याने मोजलेले दिवस आणि दोघांनी मोजलेले दिवस यांची लांबी सारखी नसते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आईला सांगणे अधिक कठीण होते. सगळे सांगितले नाही; मुलाने आईला जेवढे सांगावे तेवढे सांगितले. अपघातात आत एक बिघाड झाला होता, तो दुरुस्त केला होता, ती दुरुस्ती पुन्हा करायची आहे, आणि मुतखडा कधीच नव्हता. आई चुलीपुढे बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग कुळीथ उद्यापासून भिजवू नको ना?"

"नको," मी म्हणालो.

"बरं झालं बाबू. पहाटचं उठवत नव्हतं मले."

वाचकहो, मी जन्मभर कादंबऱ्या लिहीत आलो. पण खोटे बोलण्याची किंमत शेवटी कोण भरते, हे मला त्या वाक्याइतके कोणी शिकवले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या पोराला उत्तर दिले. विटेची गोष्ट सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली आणि विचारले, "मंग फाट्यावर एक फळी लावली, गाडी किती वाजता येते ते लिवलं, तं आमी ताटकळणार नाही?" मी म्हणालो, "लिहिलेले खरे असले तर नाही." त्यावर तो समाधानाने खाली बसला. डॉक्टर, कारकून, सरकार, नवरे आणि कादंबरीकार यांनी एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ आहे, असे मला वाटते.

माझे साधन अद्याप बसलेले नाही. पुढचे दोघे होते त्यांतल्या एकाचे काम झाले. आता मी दुसरा आहे. परवा परिचारिकाबाईंचा पुन्हा फोन आला. "दिवाळीनंतर या," म्हणाल्या. पूर्वीचा मी "बरं" म्हणून फोन ठेवून दिला असता. या खेपेला कोणत्या दिवाळीनंतर, तेही विचारून घेतले. त्या हसल्या, आणि तारीख सांगितली. ती आम्ही दोघांनी मिळून वहीत लिहून ठेवली आहे.